एका कान्याचा फरक

नववी-दहावीचे पेपर तपासताना एक चूक मला हमखास सापडायची. पचनाच्या प्रश्नात मुलं 'विकर' ऐवजी 'विकार' लिहायची. 'लाळेत विकार असतो.' 'जठरातील विकारामुळे प्रथिनांचे पचन होते.' मी त्या जास्तीच्या कान्याभोवती लाल गोल काढायचो आणि अर्धा गुण कापायचो. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यात असे किती अर्धे गुण कापले याचा हिशेब नाही.

विकर, म्हणजे एन्झाइम, शिकवायला मला मनापासून आवडायचं. पहिल्या बाकावरच्या एखाद्या पोराला भाकरीचा तुकडा चघळायला द्यायचा, गिळू द्यायचा नाही, आणि दोन मिनिटांनी विचारायचं, "काय लागतंय?" पोरगं लाजत म्हणायचं, "गोड." मग फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढायची. एमिल फिशरने १८९४ साली मांडलेली ती उपमा खडूने काढायला सोपी आणि लक्षात राहायला त्याहून सोपी. एकंदरीत विकर म्हणजे भला माणूस, आपल्या पोटात राबणारा गडी, असंच चित्र मी पोरांच्या डोक्यात उभं करत आलो. माझ्याही डोक्यात तेच होतं.

आमची शाळा शिरूर तालुक्यात. शाळेची हरित सेना माझ्याकडे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह असतो. त्या आठवड्यात आम्ही मैदानाच्या कडेचं, ओढ्याच्या काठचं, स्मशानभूमीच्या रस्त्याचं गवत उपटायचो. हातमोजे वगैरे कोण आणतं? पावसाने जमीन मऊ असते, मुठीत धरलं की मुळासकट येतं. मुलांना एक ढीग, मला दोन ढीग, अशी माझी मिजास. ढिगाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काडी लावायची आणि धुरात उभं राहून पोरांना सांगायचं, हे गवत आपलं नव्हे, पुण्यात ते पहिल्यांदा दिसलं १९५५ साली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं जुनी माणसं सांगतात, म्हणून काँग्रेस गवत. काही जण चटकचांदणी म्हणतात. चांदणी तिच्या इवल्या पांढऱ्या फुलांमुळे. चटक का, ते मला पुढे कळलं.

२०१७ च्या पावसाळ्यात डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. झोप झाली नसेल, म्हटलं. मग मानेच्या दोन्ही बाजू, कानामागची जागा, कोपरांच्या घड्या. खाज अशी की फळ्याकडे तोंड केलं की मी डस्टरच्या लाकडी कडेने मान घासायचो. नवरात्रापर्यंत कमी झालं. पुढच्या उन्हाळ्यात परत, आणि ऑगस्टमध्ये तर विचारू नका. गंमत अशी, की शर्टाखालची पाठ आणि पोट स्वच्छ. उघड्यावर असलेलं तेवढंच पेटलेलं. एवढी खूण समोर असताना विज्ञानाच्या मास्तरला ती वाचता आली नाही, कारण गवत उपटल्याच्या दिवशी काहीच व्हायचं नाही. खाज यायची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर मी वांग्याची भाजी खाल्लेली असायची किंवा नवा शर्ट घातलेला असायचा. वर्षभर वांगी बंद होती आमच्याकडे, बिचारी.

मेडिकलमधून खाजेच्या गोळ्या आणल्या. त्यांनी खाज राहिली आणि तासाला झोप येऊ लागली. मग ट्यूब. दुकानदाराने न विचारता दिली, मी न वाचता लावली. तीन दिवसांत चेहरा लख्ख. आठ दिवस थांबलो की दुप्पट लाल. पुन्हा ट्यूब. अशा चार-पाच संपल्या. तिच्यात जोरकस स्टिरॉइड होतं हे पुढे कळलं. नाजूक पापणीवर ते असं मनाने महिनोन्‌महिने चोळायचं नसतं, हेही.

दीड वर्षात मानेची आणि कोपराची कातडी जाड, काळपट, रेघारेघांची झाली. हात फिरवला की चपलेच्या तळव्यावरून फिरवल्यासारखा लागायचा. आणि त्याच सुमारास शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप आला. पपईतलं एन्झाइम मेलेली कातडी खातं आणि खालून नवी त्वचा येते. कोणीतरी खाली लिहिलं, 'सायन्सच्या सरांनी मत द्यावे.' सायन्सच्या सरांनी मत दिलं. लिहिलं की बरोबर आहे, पपईच्या चिकात पपेन असतं, ते प्रथिनं तोडतं, त्वचा प्रथिनांची बनलेली असते. यातलं एकही वाक्य चूक नव्हतं.

रविवार होता. बायको मटणाला कच्च्या पपईचा कीस लावत होती. आमच्याकडे पपई सालीसकट किसतात, चीक सालीलगत जास्त असतो म्हणून. अर्ध्या तासात बोकडाचं जून मांस मऊ पडतं. त्या पपईचा एक काप मी उचलला, सुरीने चरे पाडले, पांढरा चीक वर आला तसा तो मानेवर आणि डाव्या कोपराच्या घडीत चोळला, वरून कीस थापला आणि घड्याळ समोर ठेवून व्हरांड्यात बसलो. वीस मिनिटं, असं ठरवलं होतं.

पहिली पाच मिनिटं गार वाटलं. दहाव्या मिनिटाला मुंग्या. पंधराव्या मिनिटाला आग. पण शिक्षकाची खोड अशी की घंटा होईपर्यंत उठायचं नाही. वीस मिनिटांनी मोरीत जाऊन धुतलं तर कोपराच्या घडीतली कातडी पांढरट, भिजलेल्या कागदासारखी झालेली, आणि बोट लागलं तशी ती बोटाबरोबर आली. संध्याकाळपर्यंत जखमेतून पाणी झिरपून शर्टाची बाही चिकटली. रात्री चेहऱ्यावरही गांधी उठल्या, जिथे पपई लावलेलीच नव्हती.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, मटणाला अर्धा तास लावते मी. आणि ते मेलेलं असतं."

पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे मी गेलो तो या कोपरामुळे, मूळ दुखण्यामुळे नव्हे. डॉक्टर मॅडम तिशीच्या असतील. कोपर पाहिलं, मान पाहिली, शर्ट काढायला सांगून पाठ पाहिली. मग पहिला प्रश्न, "शेती आहे?" मी म्हटलं, शाळेत शिक्षक आहे. "शाळेत गाजरगवत आहे?" मी हरित सेनेचं सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. दोन ढिगांचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पपईबद्दल त्या जे बोलल्या ते मी तसंच लक्षात ठेवलंय. "सर, तुम्ही सायन्सचे ना? मग सांगा, मेलेली पेशी कुठली आणि जिवंत कुठली हे पपेनला कोण सांगणार?" अमेरिकेत पपेन घातलेली मलमं जखमेवरची मेलेली कातडी काढायला वर्षानुवर्षं वापरात होती. त्यातून काही जणांना जिवावर बेतणारी अॅलर्जी झाली, आणि रीतसर मंजुरी नसलेली ही मलमं २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बाजारातून उठवली. दुसरी गोष्ट ऐकून तर मी खजील झालो. प्रयोगशाळेत उंदराला अॅलर्जी करायची असेल, तर संशोधक जे पदार्थ वापरतात त्यात पपेन आहे. म्हणजे जो आजार बरा करायला मी ते लावलं, त्याच जातीचा आजार मुद्दाम उभा करायला ते वापरतात. घरातल्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा जो किडा असतो, त्याच्या विष्ठेतलं मुख्य अॅलर्जीकारक प्रथिन हेसुद्धा एक विकर, आणि तेही पपेनच्याच कुळातलं. गादीतला तो किडा आणि परसातली पपई भाऊबंद निघाले.

जखम भरायला तीन आठवडे गेले. मग फेब्रुवारीत, त्वचा जरा शांत असताना, पॅच टेस्ट. पाठीवर चिकटपट्टीच्या ओळी, प्रत्येक पट्टीत नखाएवढ्या चकत्या, चकतीत एकेक पदार्थ व्हॅसलिनमध्ये कालवून. निकेल, सुगंध, रबरातली रसायनं, आणि त्यात एक गाजरगवत. अठ्ठेचाळीस तास पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या तासाला डाव्या खांद्याखाली एक जागा अशी जागी झाली, की मी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून तास पुरा केला. घासायची मनाई होती, टेकवायची नव्हती.

पट्ट्या काढल्या तेव्हा बायकोने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. सगळ्या पाठीवर पेनाच्या खुणा आणि फिकट चौकोन, आणि एकाच जागी रुपयाएवढा लाल चट्टा, त्यावर मोहरीएवढे फोड, कडा चकतीच्या बाहेर पसरलेल्या. मी म्हटलं, "चटकचांदणी." डॉक्टर मॅडमना हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी कागदावर तीन अधिक चिन्हं काढली.

खाज दोन दिवस उशिरा का यायची, ते तेव्हा उलगडलं. गवताच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर उडतो तेव्हा तेही उडतं, म्हणून उघड्या अंगावर जास्त. शरीरातल्या टी-पेशी ते ओळखायला शिकतात, आणि एकदा शिकल्या की विसरत नाहीत. पण त्यांना जमायला दोन दिवस लागतात. वीस वर्षं उपटलं तेव्हा काही झालं नाही, आता का, हा माझा प्रश्न त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढला. "वीस वर्षं तुम्ही त्यांना शिकवत होतात, सर." पुण्यातल्या रुग्णांवरून या आजाराचं वर्णन १९७४ सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. मी तेव्हा शाळेत होतो, विद्यार्थी म्हणून.

घरी येऊन मी साबणाच्या मागे लागलो, कारण त्यांनी जाता जाता सांगितलं होतं की अंगाचा साबण बदला. सांगितलं तर ऐकेल तो मास्तर कसला. सोमवारी प्रयोगशाळेत आमच्या शिपाईमामांना घरून तीन-चार साबणांचे तुकडे आणायला लावले, शुद्ध पाण्यात फेस केला आणि पीएच कागद बुडवले. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, मामांचा लाल साबण, सगळे कागद हिरव्यावरून निळ्याकडे गेले. नऊ, दहा. फार्मसीतून आणलेल्या त्या साबण नसलेल्या वडीचा कागद पिवळट हिरवा राहिला. मामा म्हणाले, "सर, निळा म्हंजी चांगला का वाईट?" मी त्यांना सांगितलं तसं इथेही सांगतो, कारण माझ्या सगळ्या दुखण्यात मला आवडलेला भाग हाच आहे.

निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आंबट असतो, पीएच पाचाच्या आसपास. त्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात, आणि त्या एकमेकींना प्रथिनांच्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. रोज सगळ्यात वरची वीट गळून पडायला हवी, म्हणून त्वचेतच ते खिळे कापणारी विकरं असतात. त्यातल्या एका घराण्याला कॅलिक्राइन म्हणतात. आंबट वातावरणात ही मंडळी अर्धवट झोपेत, बेताने काम करतात. साबणाने पीएच वर गेला की त्या खडबडून जाग्या होतात आणि अजून गळायची नाही ती वीटही सोडवतात. भिंतीला फटी पडल्या की गवताचा भुगा, धुळीतला किडा, त्वचेवर राहणारे जिवाणू, सगळ्यांना दार उघडं. जिवाणू तर आपापली कात्री घेऊनच येतात. या कात्र्यांना लगाम घालणारं एक प्रथिनही त्वचेत असतं. ज्या मुलांमध्ये ते जन्मतः नीट बनत नाही, त्यांची कातडी जन्मापासून सोलत राहते. नेदरटन सिंड्रोम म्हणतात त्याला.

म्हणजे पपई लावण्याआधीच माझ्या मानेवर विकरांची कमी नव्हती. उलट फार झाली होती. आणि मी वरून आणखी ओतलं.

उपचार सुरू झाले तेव्हा हे जास्तच ठळक झालं. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमसचं मलम दिलं. पहिले चार दिवस पापणीला मिरची लावल्यासारखं वाटलं, मग कमी झालं, आणि ट्यूबने कधी दिला नव्हता असा टिकाऊ आराम पडला. हे औषध जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४ साली मिळालं. ते काय करतं? टी-पेशीतलं कॅल्सिन्युरिन नावाचं विकर बंद पाडतं. अलीकडे ज्या नव्या गोळ्यांची चर्चा आहे, त्या जॅक नावाच्या विकरांना अडवतात. त्याआधी आलेलं एक मलम चौथ्या प्रकारच्या फॉस्फोडायएस्टरेजला अडवतं. मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, "तुमच्या सगळ्या औषधांचा धंदा विकराला खोडा घालायचाच दिसतो." त्या म्हणाल्या, "बऱ्याच औषधांचा. तुमच्या बीपीच्या गोळीचापण." ती गोळी रोज सकाळी घेऊन मी शाळेत विकराची थोरवी सांगायला जायचो.

मलमाने चेहरा सावरला, पण मान आणि हात हटेनात. मार्च संपत आला होता, उन्हाळा तोंडावर. त्यांनी अॅझाथायोप्रिन सुचवलं. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं जुनं औषध, गाजरगवताच्या त्वचारोगात आपल्याकडे बराच वापर झालेलं. पण ते सुरू करण्याआधी रक्ताची एक तपासणी. टीपीएमटी. शरीरात या औषधाची विल्हेवाट लावणारं एक विकर. काही थोड्या माणसांमध्ये ते जन्मतः जवळपास नसतंच, युरोपीय लोकांत सुमारे तीनशेत एक. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर औषध अंगात साचतं आणि अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते. आपल्याकडे आशियात आणखी एका विकराचा दोष त्याहून जास्त आढळतो. दोन्ही बघू, म्हणाल्या.

नमुना मुंबईला गेला. अहवालाची वाट पाहण्यात दहा दिवस गेले. परीक्षेचा निकाल लावणारा मी, त्या दहा दिवसांत रोज मोबाइल बघत होतो. माझ्या रक्तात एक विकर आहे की नाही, असलं तर किती, यावर माझा उन्हाळा अवलंबून होता, आणि चोपन्न-पंचावन्न वर्षांत मी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. अहवाल आला, दोन्ही नॉर्मल. मी पेढे आणायचा बाकी राहिलो होतो.

डॉक्टर मॅडमनी प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का? बीपीची, मी म्हटलं. बस. त्यांनी मागच्याच वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं होतं. बायकोने नव्हतं नेलं. तिने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. झंडू बाम, इसबगोल, मुदत संपलेले कानाचे थेंब, तापाच्या गोळ्या, आणि त्यात एक अर्धी संपलेली पांढऱ्या गोळ्यांची पट्टी.

"ही कोण घेतं?"

"हेच घेतात," बायको म्हणाली. "अंगठा दुखतो ना यांचा."

युरिक अॅसिडची गोळी, अॅलोप्युरिनॉल. गावातल्या फिजिशियननी दोन वर्षांपूर्वी दिलेली. रोज रात्री घ्यायचो, पण अंगठ्याला मी आजार धरत नव्हतो, म्हणून सांगायचं सुचलं नाही. डॉक्टर मॅडमनी लिहिलेला कागद फाडला. नुसता खोडला नाही, फाडला. मग खुर्ची पुढे ओढून मला समजावलं. अॅझाथायोप्रिन मोडणारा दुसरा रस्ता म्हणजे झँथिन ऑक्सिडेज हे विकर. युरिक अॅसिडही तेच बनवतं. माझी पांढरी गोळी नेमकी त्याच विकराला कुलूप घालते. दोन्ही गोळ्या पूर्ण डोसात एकदम घेतल्या असत्या, तर टीपीएमटीचा अहवाल कितीही नॉर्मल असो, औषध साचलंच असतं. दोन्ही द्यायचीच वेळ आली तर अॅझाथायोप्रिन पाव ते तृतीयांशावर आणतात, आणि तेही डोळ्यांत तेल घालून.

या दोन गोळ्यांची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून आल्या आहेत. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या. एलियन बाईंकडे पीएचडी नव्हती, १९८८ चं नोबेल मात्र मिळालं. आणि अॅलोप्युरिनॉल मुळात गाउटसाठी पुढे आलंच नव्हतं. ल्युकेमियावरचं त्यांचं औषध, ज्याचं अॅझाथायोप्रिन हे भावंड, शरीरात फार लवकर मोडत होतं. ते मोडू नये, जास्त वेळ टिकावं म्हणून अॅलोप्युरिनॉल वापरून पाहिलं. युरिक अॅसिड उतरतंय हे त्यातून दिसलं. म्हणजे माझ्या पिशवीत जो अपघात दबा धरून बसला होता, तो कोणे एके काळी कोणाचा तरी हेतू होता.

फिजिशियनशी फोनवर बोलून ती गोळी बंद झाली. युरिक अॅसिड वाढू नये म्हणून पाणी जास्त आणि मटण जवळपास बंद. बायको म्हणाली, "बरं झालं. मटणही गेलं आणि पपईही गेली."

अॅझाथायोप्रिनने पहिला महिना नुसती मळमळ दिली. दर आठवड्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी मोजायच्या. सहावा आठवडा उलटला तेव्हा एका सकाळी दाढी करताना जाणवलं की मान वळवल्यावर कातडी ताणली जात नाही. तो २०१९ चा जून. त्या ऑगस्टमध्ये हरित सेना दुसऱ्या सरांकडे दिली. मुलांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट सक्तीचे केले, आणि मी वर्गाच्या खिडक्या लावून पहिल्या मजल्यावरून पाहत राहिलो. पुढच्या वर्षी करोनामुळे शाळाच बंद. कोणी उपटायला नव्हतं, मैदानावर छातीएवढं गवत माजलं. मी ते एकदाच, मोटारसायकलवरून, तोंडाला दोन पदरी रुमाल बांधून पाहिलं. तेव्हा रुमाल सगळेच बांधत होते, कोणी वळून पाहिलं नाही.

माझा पुतण्या हैदराबादला औषध कंपनीत आहे. त्याला माझी खोड माहीत, म्हणून तो मधूनमधून काही पाठवतो. गेल्या वर्षी त्याने लिहिलं, 'काका, तुमचं विकर परत आलं.' उंदरांमध्ये अॅलर्जीची त्वचा करून त्यावर सुपरऑक्साइड डिस्म्युटेज वापरल्याचे प्रयोग होते. पेशींत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजनचा निकाल लावणारं हे विकर आपल्या अंगात असतंच. उंदरांची सूज कमी झाली होती. मी ते दोनदा वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जुन्या विद्यार्थ्याचं नाव पेपरात यावं तसं वाटलं.

पण मग हिशेब केला, कारण पपईने एवढं तरी शिकवलं होतं. सुदृढ त्वचेतून साधारण पाचशे डाल्टनच्या आतले रेणू आत जातात. टॅक्रोलिमस आठशेचं, ते सुजलेल्या, फटी पडलेल्या त्वचेतून जातं आणि त्वचा भरत आली की आपोआप कमी जातं, ही त्याची सोय. पपेन तेवीस हजारांचं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज त्याहूनही मोठं. एवढा हत्ती दारातून न्यायचा कसा? आणि नेलाच, तर ते बाहेरचं प्रथिन. ज्याच्या टी-पेशी आधीच कावलेल्या आहेत, त्यांना ओळखायला आणखी एक चेहरा. सूज उतरवायला आपल्याकडे सर्रास लिहून देतात ती सेराशिओपेप्टिडेजची गोळी घ्या. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालेलं विकर. जपानमध्ये, जिथे ते जन्मलं तिथे, नव्याने चाचण्या केल्या तेव्हा फायदा दिसेना, आणि २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. आमच्या मेडिकलमध्ये अजून मिळतं. मी पुतण्याला लिहिलं, 'आधी उंदरांचं नीट होऊ दे. मग उंदरांच्या मोठ्या भावांना विचारू.' त्याने हसण्याचं चित्र पाठवलं.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. अॅझाथायोप्रिन टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केलं. एका पावसाळ्यात पुन्हा चार महिने घ्यावं लागलं. टीपीएमटीचा अहवाल गॅसच्या पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. पापणी मधूनच उठते, पण आता ती कशाने उठली ते मला दुसऱ्या दिवशी कळतं. वांग्याची भाजी पुन्हा सुरू आहे.

शाळेने गेल्या जुलैत मेक्सिकन भुंगे सोडले. गाजरगवत खाणारे, साबुदाण्याएवढे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. नव्या सरांनी बोलावलं म्हणून गेलो, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कुंपणाच्या बाहेर उभा राहिलो. पोरं मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मला पडद्यावर दाखवत होती. एक भुंगा पानाच्या कडेने खात चालला होता. ज्या लवेने माझी पाठ पेटवली, ती लव तो कराकरा चावत होता, आणि त्याला काही होत नव्हतं. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, याच्या पोटात काय असंल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात वारा फिरला, आणि बायकोने मागून दंडाला धरून मला गाडीकडे वळवलं.